जागृती कुणाच्या हिताची?

ऑक्टोबर आला की इमारतींवर गुलाबी रोषणाई होते, कार्यालयांत गुलाबी फिती वाटल्या जातात. स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृतीचा हा महिना अमेरिकेत 1985 मध्ये सुरू झाला. त्यात अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या जोडीला इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज ही कंपनी होती, आणि या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन हे औषध तिचेच. टॅमॉक्सिफेनने असंख्य स्त्रियांना आयुष्य दिले, हे निर्विवाद आहे. त्यामुळे कंपनीचा पैसा लागला म्हणजे मोहीम खोटी, असे आम्ही म्हणणार नाही. पण आजाराबद्दल काय सांगायचे आणि काय गाळायचे हे उपचार विकणाराच ठरवू लागला, की जागृतीची वाट बाजाराकडे वळते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाची जाहिरात लोकांपुढे करायला आपल्या देशात मनाई आहे. आजाराची जाहिरात करायला मात्र नाही. औषधाचे नाव न घेता आजाराची भीती दाखवायची आणि ‘आजच डॉक्टरांना विचारा’ असे सांगायचे, ही वाट त्यातून निघाली. वजन उतरवणारी नवी इंजेक्शने 2025 मध्ये भारतात आली, तेव्हा लठ्ठपणाविषयी जागृती करायला त्यांचे उत्पादकही पुढे होते. लठ्ठपणा हा आजार आहे, हे सांगणे योग्यच. ते कोण सांगतो आहे, हेही त्याच ठळक अक्षरांत दिसले पाहिजे.

अशा जागृतीमुळे तपासणी करून घेतली तर बिघडले काय, असे अनेकांना वाटते. त्यांनी दक्षिण कोरियाचा अनुभव पाहावा. तेथे 1999 मध्ये सरकारी कर्करोग तपासणी सुरू झाली. थायरॉइडची सोनोग्राफी त्यात नव्हती. थोडे जादा पैसे घेऊन रुग्णालये ती करू लागली. 2011 पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण 1993 च्या पंधरापट झाले. मृत्यूचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. कधीही त्रास न देणाऱ्या बारीक गाठींसाठी हजारो निरोगी माणसांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या नशिबी जन्मभराच्या गोळ्या आल्या. अखेर 2014 मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी उघडपणे विरोध केला, तेव्हा वर्षभरात शस्त्रक्रिया एक तृतीयांशाहून अधिक घटल्या.

आणि खरोखर जीव वाचवणारे काम कसे असते, ते पाहायला महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साथीने, 1999 पासून सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत विषाणूची एकच चाचणी आणि दोष आढळल्यास उपचार, एवढ्याने त्या गटातील मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवले. त्यांनी व्हिनेगर लावून केलेल्या साध्या तपासणीने याच कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. हातांनी केलेल्या स्तनतपासणीने पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधील मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवल्याबद्दल या अभ्यासांवर टीका झाली, ती रास्तच होती. आणि म्हणूनच त्यांतून हाती आलेले ज्ञान वाया घालवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आपण ते वाया घालवत आहोत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशातील 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी ना कधी झालेल्या दोन टक्केही नाहीत. स्तनतपासणी झालेल्या एक टक्काही नाहीत. व्हिनेगरच्या बाटलीला जाहिरातदार मिळत नाही. तिचा खर्च सरकारनेच उचलायचा असतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. आजाराविषयीच्या प्रत्येक जाहिरातीत खर्च करणाऱ्याचे नाव आणि त्या आजारावरचा उपचार तो विकतो का, हे ठळकपणे छापणे बंधनकारक करावे. ही अट वृत्तपत्रांनीही पाळावी. आमच्या पानांनाही ती लागू व्हावी. तपासणी शिबिरे घेणाऱ्यांनी किती जणांची तपासणी झाली याबरोबरच, दोष आढळलेल्या किती जणांचे उपचार पूर्ण झाले, हेही जाहीर करावे. आणि राज्य सरकारने बार्शी व मुंबईतून सिद्ध झालेल्या तपासण्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरावीक दिवशी, बारा महिने सुरू ठेवाव्यात. त्यासाठी परिचारिका, साहित्य आणि जिल्हा रुग्णालयातील पुढच्या उपचारांची तरतूद येत्या अर्थसंकल्पातच करावी.