विजापूरचा नगारखाना

गोलघुमट पाहून आलेला मनुष्य घरीं येऊन काय सांगतो? आंत हांक मारली म्हणजे ती अनेक वेळां उलटून येते, एवढेंच. आमचे नातूही तेंच सांगत आले. घुमटासमोरच्या इमारतींत ते शिरलेच नव्हते! तो मूळचा नगारखाना. १६५६ सालीं वारलेल्या महंमद आदिलशहाच्या कबरीपुढें नौबत झडावी म्हणून तो बांधला. आज त्यांत वस्तुसंग्रहालय आहे. विजापूरच्या अवशेषांचा हा संग्रह १८९२ पासूनचा. पुढच्या खेपेस आम्हीच मुलांस घेऊन गेलों.

आंत वीरगळ आहेत, जैन मूर्ती आहेत, संस्कृत व कानडी शिलालेखांच्या जोडीला अरबी-फार्सी लेख आहेत. शिवाय गालिचे, चिनी मातीचीं भांडीं, सनदा व फर्मानें. आदिलशाहीचा मूळ पुरुष यूसुफ हा रूमच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, सुलतानाचा मुलगा असें फेरिस्ता लिहितो. इतिहासकारांस ती कथा संशयास्पद वाटते, आणि आम्हांसही. परंतु रूमचा खरा पुरावा गांवांतच शेरझा बुरुजावर आहे. मलिक-इ-मैदान ही सुमारें ५५ टनांची तोफ १५४९ सालीं अहमदनगरास महंमद बिन हसन रूमी यानें ओतली, आणि १६३२ सालीं ती आमच्या मराठवाड्यांतील परांड्याहून विजापुरास नेली मुरारपंतांनीं. ओतणारा रूमी, नेणारा ब्राह्मण! पहिल्या इब्राहिमानें तर हिशेबाचें दफ्तर फार्सींतून काढून देशी भाषेंत आणिलें व ब्राह्मण कारकुनांच्या हातीं दिलें, असेंही फेरिस्ताच सांगतो.

येथें आमची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. हट्ट्याच्या आमच्या घरीं माळ्यावर एक शिसवी पेटी होती. घर उतरवितांना तींतील मोडी कागद वाचतां येतात म्हणून ठेविले. खालचें फार्सी कागदांचें बासन कोणासच वाचतां येईना. "हे यावनी कागद देवघराशेजारीं कशाला?" असें वडील मंडळींनीं म्हटलें, आणि जन्मभर संस्कृत शिकविणाऱ्या आम्हीं तें स्वहस्तें बंबांत घातलें. आदिलशाही कागद पुष्कळदां वर फार्सी व खालीं मोडी मराठी असे दुभाषी असत, हें आम्हांस फार उशिरां कळलें. आमचे कागद कोणत्या अमलांतले होते, इनामाचे कीं तंट्याचे, हेंही आतां सांगतां येत नाहीं. ज्यांच्या माळ्यावर अशीं बासनें असतील त्यांनीं तीं निदान पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळास दाखवावीं.

नगारखान्यांत एका फर्मानाच्या काचेपुढें आम्ही बराच वेळ उभे होतों. धाकट्या नातवानें विचारिलें, "आजोबा, तुम्हांला हें वाचतां येतं का?"

"नाहीं," आम्ही म्हणालों.

"मग शिकवील कोण?"

त्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. परत आल्यावर परभणीहून उर्दूचें पहिलें पुस्तक आणविलें आहे. अलिफ-बे चालू आहे.