वाड्यातली हडळ कोण होती?

विष्णुपुरी परिसरातल्या गावांत काम करताना पडक्या वाड्यांच्या गोष्टी मी खूप ऐकल्या. वाड्याच्या आडात हडळ असतेच! ती कुणाची कोण, असं विचारलं की एखादी म्हातारी हळूच म्हणते, "सून होती, बाई."

पुण्याच्या शनिवारवाड्यातही भूत सांगतात. पण ते नारायणराव पेशव्यांचं. त्यांचं नाव ठाऊक, मारेकरी गारदी ठाऊक, खुनाची तारीखही ठाऊक : ३० ऑगस्ट १७७३. आमच्या सुनेला मात्र नाव नाही. बाळंतपणात मेली तर हडळ, सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट. मेल्यावरही बाईची ओळख नवऱ्यावरून नि बाळंतपणावरूनच!

ती आडात पडली, तिनं उडी घेतली की तिला ढकललं, हा प्रश्न हडळ गिळून टाकते. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदन व्हावं असं कायदा सांगतो. "बाहेरची बाधा होती" म्हटलं की पंचनाम्याचं नावही निघत नाही.

म्हणून अशी गोष्ट कानी आली की घाबरू नका. विचारा : तिचं नाव काय होतं? पंचनामा कुणी केला?