शिवणारे हात, न विचारलेले प्रश्न

मी मॅट्रिक झालेला मास्तर. घर पेणला, शाळा रोह्याला. सर्जनांच्या शिक्षणाविषयी मी बोलणे कोणास आगाऊपणाचे वाटेल. वाटो.

माझ्या वर्गातील एक मुलगा हाक मारली तरी मान वर करीत नसे. उर्मट समजून मी त्याला महिनाभर बाकावर उभे केले. पुढे कळले, की त्याचा कान वाहत होता. पडद्याला भोक होते. तो का ऐकत नाही, हे मी विचारलेच नव्हते!

एका इस्पितळात त्या पडद्याला सुरेख ठिगळ लागले. मी सर्जनसाहेबांना विचारले, "आमच्याकडच्या इतक्या पोरांचे कान का वाहतात?" ते हसले. म्हणाले, "मास्तर, आम्हांला शिवायला शिकवले, शोधायला कोण शिकवतो?"

माझे भांडण त्यांच्याशी नाही, त्यांना असे घडवणाऱ्यांशी आहे. एम.एस.ला प्रबंध सक्तीचा आहे. परंतु बहुधा विषय गुरूचा, धडपड परीक्षेपुरती आणि शेवट कपाटात. याला संशोधनाचे शिक्षण म्हणायचे काय?

व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी रोग्यांचे कान धुणारेच डॉक्टर होते. गार पाण्याने डोळे एका दिशेला थरथरतात, गरम पाण्याने उलट दिशेला, हे पाहून त्यांनी 'का?' विचारले. कानातून शरीराचा तोल कसा सांभाळला जातो, ते त्यातून उलगडले आणि १९१४ चे नोबेल त्यांना मिळाले.

परदेशाचे राहू द्या. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रोग्यांची टिपणे ठेवली; १९८२ साली त्यांचे लेखन 'लॅन्सेट'मध्ये आले. ते सर्जन नव्हेत, पण खेड्यातून शोध लागतो, हे त्यांनी दाखवले. मात्र अशी जिद्द शंभरांत एकाची. उरलेल्या नव्व्याण्णवांना शिकवावेच लागते.

कोणी म्हणेल, दाराशी रांग असता सर्जनाला शोधाची चैन कशाला? अहो, रांग का लागते हे न शोधल्यानेच ती हटत नाही! कानाच्या आत रोज पाहतो तो सर्जन; प्रश्न त्यालाच सुचणार. त्याला शिकतानाच एक वर्ष मोकळे द्या, जोडीला शास्त्रज्ञ आणि आकडेशास्त्री द्या. पेणच्या मूर्तिकारांच्या नाकातील भुकटी आणि धाटावच्या कामगारांच्या कानातील यंत्रांचा आवाज त्याची वाट पाहत आहेत.

त्या मुलाच्या बाकावर यंदा दुसरा बसतो. त्याचाही कान वाहतो.