उघाडीच्या तोंडाशी

"काका, चौदा पिन होते. चौदाही ठिकाणी गेलो. एकही मासा नाही."

गेल्या आठवड्यात रविवारी रात्री हा फोन आला. मार्चमध्ये कयाक घेतलेल्या चिंचवडच्या मुलाबद्दल मी इथे लिहिलं होतं, तोच हा. कॅलिफोर्नियाच्या सॅक्रॅमेंटो-सॅन वाकीन डेल्टातल्या बास माशाच्या 'हमखास' जागांची यादी त्याने पैसे मोजून कुणाकडून तरी घेतली होती. फोनच्या नकाशावर चौदा लाल ठिपके. मी एवढंच विचारलं, "पाण्यात किती वाजता उतरलास?" म्हणाला, "शनिवारी, अकराच्या सुमाराला." "आणि ओहोटी कधी होती?" थोडा वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "ते यादीत नव्हतं."

तेव्हापासून मी चिडलेलो आहे. मुलावर नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. यादी विकणाऱ्याला मात्र ठाऊक असणार की दिवसातून दोनदा पाणी आत घेणाऱ्या आणि दोनदा बाहेर सोडणाऱ्या या मुलखात वेळेवाचून जागेला किंमत नाही. अर्धीच गोष्ट पुऱ्या दामाला विकणं ही माझ्या लेखी फसवणूक आहे.

ठिपके मी एकेक करून पाहिले. नऊ-दहा ठिपके अगदी बरोबर होते, याचंच जास्त वाईट वाटलं. मुलगा योग्य दारात जाऊन उभा राहिला होता, पण दार बंद असताना.

'दार' हा शब्द मी सहज वापरत नाही. उघाडीबद्दल मी पूर्वी दोन-तीनदा लिहिलं आहे, पण बासची जागा शोधण्याशी तिचा संबंध कधी नीट मांडला नव्हता. अलिबागच्या खारेपाटात माझं लहानपण गेलं. खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेल्या खारबांधात ठरावीक जागी उघाडी असते. तिची झडप खाडीच्या बाजूला उघडते. भरती चढली की बाहेरचं पाणी झडप दाबून बंद ठेवतं. ओहोटी लागून बाहेरची पातळी उतरली की आतलं पाणी झडप ढकलून जोरात बाहेर पडतं, आणि त्याच्याबरोबर कोळंबी, बोयटांची पिल्लं, किडामुंगी, जे काही हलकं आणि बेसावध असेल ते वाहत येतं. उघाडीच्या तोंडाशी, धारेच्या जरा बाजूला, पाणी जिथे गोल फिरतं तिथे जिताडा उभा असतो. तो शोधत हिंडत नाही. ताकद राखून थांबतो आणि समोर आलेलं गिळतो.

माझा मामा भरतीच्या वेळी उघाडीवर कधी गेला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, एवढा त्याचा हिशेब. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती पूर्ण. पौर्णिमा असेल तर सव्वाअकरा. त्यानंतर पाणी दोनेक तास उतरू द्यायचं आणि मग गरवायला निघायचं. गोव्यात याच व्यवस्थेला मानस म्हणतात आणि मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावात दिला जातो. म्हणजे जागा साऱ्या गावाला माहीत असते, बोली लागते ती पाण्याच्या येण्या-जाण्यावर. आमच्याकडे उघाडीची जागा कुणी लपवली नाही की विकलीही नाही.

आता डेल्टाकडे या. ओकलीजवळच्या बिग ब्रेकला मी वाचकांना अनेकदा नेलं आहे. ते नाव कसं पडलं ते मात्र सांगायचं राहिलं. तिथे ॲस्परॅगसची शेती होती. 1920 च्या दशकात सॅन वाकीनचा बांध फुटला, शेत बुडालं आणि ते पुन्हा कोरडं करण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. खारेपाटात आपण याला खांड पडली म्हणतो. बिग ब्रेक म्हणजे मोठी खांड, दुसरं काही नाही. फ्रँक्स ट्रॅक्टही तसाच, 1938 मध्ये बुडालेला तीन हजार एकरांहून मोठा शेतीचा तुकडा. मिल्ड्रेड आयलंड 1983 मध्ये गेलं. आपण जिथे मासे धरतो ती डेल्टातली बरीचशी उत्तम पाणथळ ही कुणाची तरी बुडालेली शेतं आहेत. जुन्या बांधांचे तुटके अवशेष अजून उभे आहेत, मधल्या खांडीही आहेत, आणि उपग्रहाच्या चित्रात त्या घरबसल्या मोजता येतात.

भरतीला पाणी या खांडींतून आत शिरतं, उथळ गवतावर पसरतं, टुलीच्या जाड लव्हाळ्यात घुसतं. त्याच्यामागे लार्जमाउथ बासही आत जातो आणि तिथे त्याला ना आमिष दिसतं ना आपला गळ पोचतो. ओहोटी लागली की तेच सगळं उलट फिरतं. पसरट पाणी गोळा होऊन खांडीच्या तोंडातून बाहेर निघतं, त्याच्याबरोबर क्रॉफिश आणि ब्लूगिलची पिल्लं येतात, आणि बास येऊन थांबतो तो धारेच्या कडेला, बांधाच्या कोपऱ्यामागे, एखाद्या बुडालेल्या खुंटाच्या आडोशाला, तोंड प्रवाहाकडे करून. जिताडा आणि हा बास जवळचे नातेवाईक नाहीत. जिताडा आपल्या खाडीचा, तर लार्जमाउथ कॅलिफोर्नियात बाहेरून आणलेला. तरी दोघांना उभं राहायला जागा एकच आवडते, कारण दोघांचं पोट एकाच रीतीने भरतं.

ही तुलना मला आणखी एका कारणाने महत्त्वाची वाटते. डेल्टातल्या शेतांची माती कोळशासारखी काळी, कुजलेल्या वनस्पतींची. दीडशे वर्षांपूर्वी बांध घालून ती कोरडी केली, नांगरली, तेव्हापासून ती हवेत जळत, विरत खाली बसते आहे. काही बेटं आज समुद्रपातळीच्या वीस फूट खाली आहेत. तिथे ओहोटीला आपोआप उघडणारी उघाडी चालणार कशी? आतलं पाणी पंपाने वर उचलून बांधापलीकडे टाकावं लागतं. म्हणून बांधाच्या दगडी पिचिंगवरून उतरलेला एखादा गंजका पाइप दिसला आणि त्यातून पाणी पडत असलं, तर ती मनुष्याने चालवलेली उघाडी समजा. तिथे भरती-ओहोटी न बघताही बास सापडतो, कारण धार आणि खाणं दोन्ही आहे. त्या चौदा ठिपक्यांत असा एकही पाइप नव्हता. चार तास सावकाश वल्हवल्याशिवाय असे पाइप दिसत नाहीत. वेगाने जाणाऱ्या बोटीतून तर मुळीच नाही.

मामाची पाऊणपट इथे चालत नाही, हेही सांगितलं पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन ओहोट्यांपैकी एक मोठी आणि एक लहान. उन्हाळ्यात उधाणाची मोठी ओहोटी सकाळकडे येते, हिवाळ्यात संध्याकाळकडे. शिवाय गोल्डन गेटला लागलेली ओहोटी अँटिऑकला पोचायला तीन-चार तास घेते, आणि स्टॉकटनकडे आत जावं तसा हा उशीर वाढत जातो. सॅन फ्रान्सिस्कोचं कोष्टक बघून फ्रँक्स ट्रॅक्टला जाणारा माणूस म्हणूनच रिकाम्या हाताने परततो. आपल्या जागेच्या जवळचं कोष्टक बघायचं, हा पहिला नियम. दक्षिणेकडे ओल्ड रिव्हर आणि मिडल रिव्हरमध्ये तर कोष्टकही पुरत नाही. ट्रेसीजवळचे मोठे पंप कालव्यांसाठी एवढं पाणी ओढतात की या नद्यांचा निव्वळ प्रवाह कित्येकदा उलटा, समुद्राकडून पंपांकडे होतो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने (यूएसजीएस) तिथे प्रवाहमापकं बसवलेली आहेत आणि उलट्या प्रवाहाचा आकडा ऋण चिन्हासह कुणालाही पाहता येतो. आडोशाची कुठली बाजू धरायची हे त्या चिन्हावरून ठरतं.

परवा शनिवारी मी त्या मुलाला घेऊन गेलो. जागा मुद्दाम त्याच्याच यादीतली निवडली, बुडालेल्या बांधाची एक खांड, सहा नंबरचा ठिपका. आदल्या आठवड्यात तो गेला तेव्हा अष्टमीचा भांग होता आणि अकरा वाजता पाणी जवळजवळ थांबलेलं. या वेळी अमावास्या तोंडावर होती आणि ओहोटी साडेनऊपर्यंत चालणार होती. उजाडताना आम्ही पाण्यात होतो. खांडीच्या पन्नास हात अलीकडेच त्याला थांबवलं आणि नुसतं पाहायला सांगितलं. जलपर्णीची गळून पडलेली पानं खांडीकडे सरकत होती, तोंडाशी येऊन वेग घेत होती आणि डाव्या कोपऱ्यामागे गोल फिरत होती. "तिथे," मी म्हणालो. त्याने प्लास्टिकचा किडा प्रवाहाच्या वर टाकला आणि दोरी सैल सोडून वाहू दिला. दुसऱ्या फेकीला दांडी वाकली. नऊ वाजेपर्यंत तीन मासे आले, मोठा चार पौंडांच्या आसपास. साडेनऊला पानं थांबली आणि मासेही थांबले. मग आम्ही आणखी पाऊण तास तिथेच मुद्दाम गळ टाकत राहिलो, त्याची खात्री पटावी म्हणून. एकही चावा नाही. आठवडाभराच्या माझ्या चिडचिडीला त्या पाऊण तासाने उत्तर दिलं.

मासे सोडून दिले. गोल्ड रशच्या काळात सोनं काढायला वापरलेला पारा या नद्यांच्या गाळात अजून आहे आणि बाससारख्या शिकारी माशात तो साठतो. ज्यांना खायचा असेल त्यांनी राज्याच्या आरोग्यसूचना आधी वाचाव्यात, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.

खांडीत कयाकचा उपयोग किती, हे त्या सकाळी मुलाला कळलं. फूटभर पाण्यात ती तरंगते, गवतावरून सरकते, आवाज करत नाही. पण तिला इंजिन नाही, म्हणून वाऱ्याचा हिशेब ओहोटीइतकाच जपून करावा लागतो. उन्हाळ्यात दुपारकडे आतलं खोरं तापतं आणि समुद्रावरचा गार वारा कार्किनेझच्या सामुद्रधुनीतून आत घुसतो. तो पश्चिमेचा. ओहोटी पश्चिमेकडे वाहणारी. दोन्ही समोरासमोर आले की सॅन वाकीनच्या रुंद पात्रात उभ्या लाटा उठतात. साडेदहानंतर मी त्या पात्रात थांबत नाही, मासे लागत असले तरी. लाइफ जॅकेट अंगात असतं, कयाकच्या मागच्या जाळीत नाही.

आता वहीबद्दल. दर दोन महिन्यांनी मी वहीवर येतो अशी तक्रार करणारी पत्रं मला मिळतात, तरीही येणार. तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, वाऱ्याची दिशा, पाण्याचं तापमान आणि मासा कुठल्या आडोशामागे लागला, एवढं पेन्सिलीने लिहायचं. माझ्या अकरा वर्षांच्या वह्यांत आणखी एक गोष्ट मला दिसते. जलपर्णीवर औषध फवारलं की त्या कोपऱ्यात पंधरा-वीस दिवस बास येत नाही. पुरावा म्हणाल तर माझ्या वह्यांपलीकडे काही नाही, तरी माझा त्यावर विश्वास आहे. जलपर्णी काढायलाच हवी, पुण्याच्या मुळा-मुठेकाठी राहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. पण उपसून काढा. फवारलेली जलपर्णी जागीच कुजून पाण्यातला प्राणवायू खाते आणि तिच्या सावलीतलं सगळं जीवन उठून जातं. कयाकच्या पुढ्यात बसवलेल्या, मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्याबद्दलही मला असंच वाटतं. डोळे पडद्यावर असले की पानं कुठे फिरतात ते दिसत नाही. मुलाने परवा तो पडदा बंद ठेवला होता, मी न सांगता.

परतल्यावर गाडीच्या बॉनेटवर नकाशा ठेवून आम्ही चौदा ठिपके पुन्हा पाहिले. चार ठिपके स्टॉकटनच्या बंदराकडे जाणाऱ्या जहाजांच्या खोल पात्राच्या कडेला होते. तिथे समुद्रातली अजस्र जहाजं जातात, त्यांची लाट बांधावर आपटून परत येते, आणि यादी विकणाऱ्याने त्याबद्दल एक शब्द लिहिलेला नव्हता. कयाकमधल्या माणसाला तिथे पाठवणं हा गुन्हा आहे. ते चार त्याने माझ्यासमोर पुसले. उरलेल्या दहांपुढे तो आता ओहोटीच्या वेळा लिहितो आहे, अँटिऑकच्या कोष्टकावरून. सात झाल्या आहेत. उरलेले तीन ठिपके ओल्ड रिव्हरवरचे आहेत, त्यांच्यासाठी आम्हाला आधी दोन सकाळी तिथे नुसतं बसून पाणी बघावं लागेल.