सनीव्हेलचे पत्र : अंगावर काढलेले दुखणे



या खेपेस येथील मुलांच्या मराठी वर्गाविषयी लिहावयाचे योजिले होते. परंतु गेल्या पंधरवड्यात आपल्यापैकी एका भगिनीचा दूरध्वनी आला. हवापाण्याच्या आणि मुलाबाळांच्या गोष्टी झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "बाई, तुम्हांला ते जे झाले होते ना, त्यासाठी तुम्ही नेमके कोणाकडे गेलात?" 'ते' म्हणजे काय हे त्यांनी सांगितले नाही आणि मलाही विचारावे लागले नाही. स्वतःच्याच घरात, दार लावून, त्या कुजबुजत बोलत होत्या. म्हणून ते काय होते हे आज स्पष्ट लिहीत आहे. हा अंक घरातील मुलांच्या आणि पुरुषमंडळींच्याही हाती पडतो, याची मला जाणीव आहे. तो पडावा, अशीच माझी इच्छा आहे.

तीन वर्षांपूर्वीचा किप्पूर. आपले वाडवडील ज्याला दारफळणीचा सण म्हणत, तो दिवस. माझे वय तेव्हा एक्कावन्न होते आणि पाळीचा तिसरा दिवस होता. उपवास अर्थातच धरलेला. शेजारच्या गावातील सिनेगॉगमध्ये दुपारच्या प्रार्थनेस सर्वांबरोबर उभी राहिले, समोरची अक्षरे पुसट झाली, आणि त्यानंतरचे आठवते ते रुग्णवाहिकेचे छत. भोवतालच्या मंडळींनी उपवासाने घेरी आली असे म्हटले आणि मीही तेच सांगावयाचे ठरविले होते. ते सांगणे सोयीचे होते. परंतु तेथील परिचारिकेने माझी पापणी खाली ओढून आतला पांढरा पडलेला भाग पाहिला, रक्त काढले, आणि तासाभराने येऊन हिमोग्लोबिन ६.८ असल्याचे सांगितले. स्त्रीचे ते निदान बारा असावे लागते. त्या रात्री मला रक्ताची एक पिशवी चढविण्यात आली. (उपवास तेथेच मोडला. प्राणरक्षणापुढे उपवास नाही हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तो नियम इतरांसाठी आहे अशी माझी काहीतरी समजूत असावी.)

मग त्या परिचारिकेने प्रश्न विचारावयास आरंभ केला. दिवसाला किती पॅड लागतात? पूर्ण भिजतात की अर्धे? रात्री उठावे लागते का? गुठळ्या पडतात का आणि त्या केवढ्या असतात? स्राव किती दिवस चालतो? मी सतरा वर्षे ठाण्यात शिकविले. पंचेचाळीस मुलांचा हजेरीपट डोळे मिटून सांगता येईल अशी माझी ख्याती होती. त्या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मला देता आले नाही. "जास्त जाते," एवढेच मी म्हणाले. "जास्त म्हणजे किती?" या तिच्या प्रश्नावर मी गप्प राहिले.

जास्त जाणे हे मला नवे नव्हतेच. ठाण्यास असतानाच ते सुरू झाले होते. त्या दिवसांत मी गडद रंगाच्या साड्या नेसत असे, वर्गाच्या कपाटात एक जादा साडी ठेवलेली असे, आणि दोन तासांहून लांब प्रवास मी टाळीत असे. तेथील एका डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी तपासणी न करताच "वयच झाले आता, पाळी जाताना असे व्हायचेच, फार त्रास होत असेल तर पिशवी काढून टाकू" असे सांगितले. मी घाबरून परतले आणि पुढे कोणाकडे गेलेच नाही. येथे आल्यावर विम्याची भीती, इंग्रजीत हे सारे कसे सांगावे याची लाज, आणि यजमानांच्या कचेरीच्या वेळा. थोडक्यात, आपल्या भाषेत ज्याला अंगावर काढणे म्हणतात ते मी दोन वर्षे केले. दम लागे, केस गळत, आणि बर्फाचे खडे चावून खाण्याची विलक्षण चटक लागली होती. ती चटक म्हणजे लोहाच्या अभावाचे लक्षण असते, हे मला त्या रुग्णालयात कळले. माझ्या वर्गातील ज्या मुली पाटीवरच्या पेन्सिली खात, त्यांना मी किती वेळा रागावले असेन! त्यांच्यापैकी काहींच्या अंगात रक्तच नसावे, हे आमच्या अध्यापक विद्यालयात आम्हांला कोणी शिकविले नव्हते.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाण्यापूर्वी एक महिना नोंद ठेवून या, असे सांगून त्यांनी मला एक तक्ता दिला. हा तक्ता १९९० साली इंग्लंडमध्ये तयार झाला आणि तो मला फारच आवडला, कारण त्यात गुण द्यावयाचे असतात. थोडे डागाळलेले पॅड असेल तर एक गुण, मध्यम भिजलेले असेल तर पाच, पूर्ण भिजलेले असेल तर वीस. लहान गुठळीस एक, मोठ्या गुठळीस पाच. साऱ्या पाळीची बेरीज शंभराच्या वर गेली तर रक्तस्राव ऐंशी मिलिलिटरहून अधिक, म्हणजे वैद्यकाच्या दृष्टीने अतिरिक्त, असे धरतात. माझी पहिल्या महिन्याची उत्तरपत्रिका अशी होती : पूर्ण भिजलेली चौदा, मध्यम आठ, थोडी सहा, मोठ्या गुठळ्या सात. बेरीज तीनशे एकसष्ट. मी ती दोनदा पडताळून पाहिली. तथापि आता डॉक्टर मिलिलिटरवर फारसे अडून बसत नाहीत. ज्या स्रावामुळे स्त्रीच्या नित्याच्या जीवनात, कामात, झोपेत अडथळा येतो तो जास्तच, असे मानतात. कपाटात जादा साडी ठेवणे हाही अडथळाच होता, हे मला उशिरा उमगले.

सनीव्हेलच्या त्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मला पाऊण तास दिला. आरंभी गर्भधारणेची तपासणी करावयाची म्हणून लघवी मागितली, तेव्हा मला हसू आवरेना. पण पाळी येत असलेल्या कोणाही स्त्रीची ती करतातच. त्यानंतर रक्त तपासले. केवळ हिमोग्लोबिन नव्हे, तर शरीरात साठलेले लोह दाखविणारे फेरिटिन आणि थायरॉइडदेखील. सोनोग्राफी झाली. वय पंचेचाळीसच्या पुढे असल्याने गर्भाशयाच्या अस्तराचा एक तुकडा काढून तपासणीस पाठविला. कर्करोग नाही ना, हे पाहण्यासाठी तो पाठवितात. तो अहवाल येईपर्यंतचे नऊ दिवस कसे गेले ते लिहीत नाही. अहवाल निर्दोष आला. गर्भाशयात दोन साध्या गाठी होत्या आणि बाकीचे काम वयानुसार होणाऱ्या हॉर्मोनच्या चढउताराचे होते.

बाईंनी आणखी एक चौकशी केली, ती विशेष लिहिण्याजोगी आहे. दात काढल्यावर किंवा बाळंतपणात रक्त थांबावयास वेळ लागला होता का? घरात आई, मावशी, बहीण कोणाला असेच होत असे का? काही स्त्रियांचे रक्त मुळातच नीट गोठत नाही आणि त्याची पहिली खूण बहुधा पाळीतच दिसते. १९२६ साली एरिक फॉन विलेब्रांड या फिनलंडच्या डॉक्टरांनी अशा एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले आणि तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ज्या मुलीपासून त्यांचा अभ्यास सुरू झाला, ती हियोर्डिस ही ओलांड बेटांवरील मुलगी, वयात आल्यावर चौथ्या पाळीतच रक्तस्रावाने दगावली. तेव्हा ज्या मुलीला पहिल्या पाळीपासूनच फार जाते, तिला "पुढे सवय होईल" असे सांगून गप्प करू नये. तिच्या रक्ताची ही तपासणी आवर्जून मागावी. बाईंनी मी यहुदी असल्याचे ऐकून "अश्कनाझी का?" असेही विचारले, कारण पूर्व युरोपीय यहुद्यांमध्ये रक्त गोठविणाऱ्या अकराव्या घटकाची कमतरता बरीच आढळते. मग त्यांना बेने इस्राएल म्हणजे कोण, हे कोकणच्या किनाऱ्यापासून सांगावे लागले. पाऊण तासातील दहा मिनिटे त्यात गेली, पण ती वाया गेली असे मला वाटत नाही.

आता उपायांविषयी. प्रथम लोह : मला ते दोन वेळा शिरेतून दिले. सौम्य कमतरतेत गोळ्या पुरतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबाच्या सरबताबरोबर घ्याव्यात, आणि एक दिवसाआड घेतल्या तरी चांगल्या लागू पडतात असे आता दिसून आले आहे. आपल्या पद्धतीने विस्तवावर भाजलेली कलेजीही चांगली, मात्र एवढी तूट नुसत्या खाण्याने भरून निघत नाही. रक्त थोपविण्यासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. त्या फक्त पाळीच्या दिवसांत, जास्तीत जास्त पाच दिवस घ्यावयाच्या असतात. हे औषध जपानच्या उताको ओकामोटो आणि त्यांचे पती शोसुके यांनी शोधले आणि १९६२ साली प्रसिद्ध केले. तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून उताकोबाई प्रयोगशाळेत काम करीत. बायकांच्या रक्तस्रावाचे औषध एका लेकुरवाळीने शोधावे, हे मला फार योग्य वाटले. ज्यांच्या पायांत किंवा फुप्फुसांत पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल, किंवा ज्या संततिनियमनाच्या हॉर्मोनच्या गोळ्या घेतात, त्यांनी हे औषध घेऊ नये. म्हणून ते शेजारणीकडून मागून आणण्याचे औषध नव्हे.

कायमचा उपाय म्हणून बाईंनी गर्भाशयात बसविण्याचे, हॉर्मोन झिरपविणारे एक लहानसे साधन सुचविले. ते मूळचे संततिनियमनाचे; परंतु अमेरिकन सरकारच्या औषध खात्याने २००९ साली अतिरिक्त रक्तस्रावासाठीही त्यास मान्यता दिली. तांबी बसविलेल्या काहींना उलट अधिक जाते, त्यामुळे दोहोंत गल्लत करू नये. मी एक आठवडा विचार केला. एक्कावन्नाव्या वर्षी असले साधन म्हटल्यावर लोक काय म्हणतील, हा विचार आधी आला, हे कबूल करते. बसविताना पाचसहा मिनिटे चांगलेच दुखले. पहिले चार महिने अधूनमधून डाग पडत राहिले, आणि ज्या घरांत शुद्धीचे दिवस मोजण्याचा नेम पाळतात तेथे त्याची अडचण होते; अशा भगिनींनी हे आधीच डॉक्टरांस आणि आपल्या धर्मगुरूंस विचारून ठेवावे. पाचव्या महिन्यात तक्त्याची बेरीज बावीस झाली.

पिशवी काढावीच लागते अशा स्त्रिया असतात आणि त्यांना त्या शस्त्रक्रियेने मोठाच आराम पडतो. माझे भांडण आहे ते तपासणीवाचून, पहिल्याच भेटीत तो शब्द उच्चारण्याशी. बीड जिल्ह्याची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. ऊसतोडीवर नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाची उचल आधीच अंगावर असते, आणि पाळीच्या दुखण्याने एक दिवस बसले की खाडा पडून पैसे कापले जातात. फडात ना आडोसा ना पाणी. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. आणि त्यांत चाळिशीच्या आतल्या पुष्कळ. मला त्या एका वाक्याने घाबरून घरी परतता आले, कारण घरी बसले तर माझा खाडा पडणार नव्हता.

आपल्या समाजास तर याविषयी लाजण्याचे काहीच कारण नाही. डॉ. जेरुशा झिराड या आपल्याच. स्त्रियांच्या आरोग्याचे उच्च शिक्षण घेण्यासाठी त्या लंडनला गेल्या, १९१९ साली तेथील एम. डी. झाल्या, १९२८ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या, आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझी आजी त्यांचे नाव मोठ्या अभिमानाने घेई. मात्र त्या कोणत्या विषयाच्या डॉक्टर होत्या, असे विचारले की "बायकांच्या" एवढेच उत्तर मिळे आणि विषय संपे.

दूरध्वनी केलेल्या भगिनीस आणि सनीव्हेलच्या आसपास नव्याने आलेल्या इतरांस चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. विमा यजमानांच्या नोकरीतून असला तरी तो तुमचाही आहे. त्या कार्डावरील क्रमांकास तुम्ही स्वतः दूरध्वनी करू शकता. इंग्रजीचा संकोच वाटत असेल तर वेळ ठरवितानाच "मराठी दुभाषी हवा" म्हणून सांगावे. तो दूरध्वनीवरून मिळतो, आणि केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांना तो विनामूल्य द्यावाच लागतो. मुलास किंवा सुनेस दुभाषी करू नये. त्यांच्यासमोर आपण निम्मे सांगत नाही, हा अनुभव आहे. विमा नसेल तर फेअर ओक्स ॲव्हेन्यूवर काउंटीचे आरोग्यकेंद्र आहे आणि सॅन होजेत काउंटीचे मोठे रुग्णालय. एका तासात एक पॅड पूर्ण भिजते, असे दोन तासांहून अधिक चालले, किंवा घेरी येऊ लागली, छातीत धडधडू लागले, तर वेळ ठरविण्याची वाट न पाहता इमर्जन्सीत जावे. पैसे असोत वा नसोत, तेथे तपासल्यावाचून परत पाठविता येत नाही, असा १९८६ सालापासून कायदा आहे. आणि पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसले, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

तक्त्याच्या प्रती मी मराठीत करून ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी संपादकांमार्फत पत्ता कळवावा. दोन प्रती पाठवीन. घरात वयात आलेली मुलगी असेल तर तीन.