‘ठाऊक नाही’ म्हणणारे यंत्र

जाणत्या माणसाची ओळख त्याच्या उत्तरांवरून होते. तशीच ती ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याच्या त्याच्या धैर्यावरूनही होते. हीच कसोटी आता यंत्रांनाही लावली पाहिजे.

एखादे उपकरण बिघडले किंवा संगणकीय सेवेत अडचण आली, तर आज अनेकदा माणसाऐवजी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा चॅटबॉट आपल्याला उत्तर देतो. तो रात्री-अपरात्री उपलब्ध असतो, थकत नाही, चिडत नाही. मात्र एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे, याचा अंदाज घेत तो वाक्ये रचतो. त्यामुळे माहिती नसली तरी त्याची भाषा अडखळत नाही. ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ असा हा प्रकार होतो.

एप्रिल २०२५ मध्ये ‘कर्सर’ या सॉफ्टवेअरच्या ग्राहकांना याचा प्रत्यय आला. प्रोग्राम लिहिण्यास साहाय्य करणारे हे सॉफ्टवेअर दुसऱ्या संगणकावर उघडले, की पहिल्यावरील काम बंद पडे. कारण विचारता चॅटबॉटने सांगितले, की एका वर्गणीत एकच संगणक वापरता येतो. वस्तुतः असा नियमच नव्हता! काही ग्राहकांनी सेवा सोडली आणि कंपनीला क्षमा मागावी लागली.

अशा चुकीची जबाबदारी कोणाची? फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील एका न्यायाधिकरणाने याचे स्पष्ट उत्तर दिले. भाडेसवलतीविषयी चॅटबॉटने दिलेल्या चुकीच्या माहितीबद्दल ‘एअर कॅनडा’ या विमान कंपनीने प्रवाशाला भरपाई द्यावी, असा निर्णय त्याने दिला.

म्हणून तांत्रिक साहाय्य करणाऱ्या चॅटबॉटला काही मर्यादा घालणे आवश्यक आहे. त्याने तपासलेल्या माहितीपुस्तिकांच्याच आधारे उत्तर द्यावे व तो आधार दाखवावा. आधार न सापडल्यास तसे सांगून प्रश्न जाणकार माणसाकडे सोपवावा. प्रश्नाच्या शब्दांतच फसव्या सूचना दडवून त्याच्याकडून गुपिते काढून घेता येतात. म्हणून ग्राहकांची अनावश्यक माहिती त्याच्या हाती देऊच नये.

असा चॅटबॉट कमी बोलेल, क्वचित निराशही करील, हे खरे. परंतु विजेच्या पंपाची जोडणी विचारणाऱ्या शेतकऱ्याला चुकीची तार सांगणाऱ्या वाचाळ यंत्रापेक्षा, ‘थांबा, तंत्रज्ञाला विचारतो’ असे म्हणणारे यंत्रच अधिक विश्वासार्ह नव्हे काय?