सुयांवरून उतरल्यावर

यंदाचा हिवाळी अंक जाळीच्या स्कार्फचा आहे; तोही स्वतःसाठी नव्हे, कुणाला तरी द्यायच्या स्कार्फचा. तयार स्कार्फ स्वस्तात मिळत असताना सुया कशाला चालवायच्या, हा प्रश्न रास्त आहे. पण विणताना घेणाऱ्याची उंची, आवडता रंग, सवयी मनात घोळत राहतात. विकतच्या वस्तूत हे कुठून येणार?

जाळीचं गणित सोपं आहे. दोरा पुढे घेतला की भोक पडतं आणि एक टाका वाढतो. दोन टाके एकत्र विणले की तो कमी होतो. नमुन्यांची पुस्तकं इथवर आणून सोडतात. आम्ही भर दिला आहे तो पुढच्या कामावर. सुयांवरून उतरलेला स्कार्फ चुरगळलेला, आखूड दिसतो. कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलात दाबून, ताणून टाचण्या लावल्या की नक्षी उघडते. शेटलंड बेटांवर त्यासाठी लाकडी चौकटी वापरत. मात्र ही किमया खऱ्या लोकरीची. आपल्याकडे सर्रास मिळणारं ॲक्रिलिक नुसत्या पाण्याने तसं बसत नाही. म्हणूनच लोकर निवडण्यापासून भेटीसोबत द्यायच्या धुण्याच्या सूचनांपर्यंत सगळं या अंकात घेतलं आहे.

तुम्ही कुणासाठी काय विणलंत, ते जरूर कळवा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.